विश्लेषण : जपानमधील मंदिरांच्या बागा पावसातच का पाहाव्यात? एकट्याने, संथपणे फिरणाऱ्याला क्योटोत वेगळे काय दिसते?

जपानला जाणारे बहुतेक भारतीय पर्यटक दोनपैकी एक मोसम निवडतात. मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात चेरीचा बहर किंवा नोव्हेंबरमध्ये मेपलची लाल पाने. जून-जुलै हा ‘वाया जाणारा’ काळ समजून टाळला जातो, कारण तेव्हा पाऊस असतो. मात्र क्योटोतील बौद्ध मंदिरांच्या अनेक बागांचे खरे रूप याच दिवसांत दिसते. खोल वळचणी, रुंद पडव्या, दगडी पायवाटा आणि शेवाळाचे गालिचे यांचा अर्थ पाऊस सुरू झाल्यावर उलगडतो. दुसरीकडे, विक्रमी पर्यटकसंख्येमुळे याच बागांची शांतता धोक्यात आली आहे. अशा वेळी एकट्याने, दिवसाला दोन-तीनच ठिकाणे पाहत, पावसात फिरणे हा निव्वळ हौसेचा प्रकार राहिलेला नाही. त्यामागे हवामान, वनस्पतिशास्त्र, वास्तुरचना आणि शहराचे अर्थकारण अशा बऱ्याच गोष्टी आहेत.

जपानचा ‘त्सुयू’ म्हणजे नेमका कोणता पाऊस?

जपानमधील पावसाळ्याला ‘त्सुयू’ म्हणतात. तो ज्या चिनी अक्षरांत लिहितात त्यांचा अर्थ ‘आलुबुखाराचा पाऊस’ असा होतो. उमे नावाचे आलुबुखाऱ्यासारखे फळ याच सुमारास पिकते, म्हणून हे नाव. उत्तरेकडील ओखोत्स्क समुद्रावरची थंड, दमट हवा आणि दक्षिणेकडील प्रशांत महासागरावरची उष्ण, दमट हवा एकमेकींना भिडतात. त्यांच्या सीमेवर ढगांचा लांबलचक पट्टा तयार होतो आणि तो काही आठवडे जपानवर रेंगाळतो. क्योटो ज्या किन्की विभागात येते तिथे त्सुयू सरासरीने ६ जूनच्या सुमारास सुरू होतो आणि १९ जुलैच्या सुमारास संपतो. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला पोहोचतो. म्हणजे दोन्ही ठिकाणची सुरुवात जवळपास एकाच आठवड्यातली.

पावसाची जात मात्र वेगळी आहे. क्योटोत जूनमध्ये सरासरी २०० मिलिमीटर आणि जुलैमध्ये सुमारे २२० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैची सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर आहे. क्योटोचा पाऊस बराच काळ रिपरिप पडतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. मुसळधार सरींचे दिवसही असतात, पण छत्री घेऊन दिवसभर चालता येईल असे दिवस अधिक. कोकणातला किंवा सह्याद्रीतला पावसाळा अनुभवलेल्या माणसाला हा पाऊस अडचणीचा वाटण्याचे कारण नाही.

पावसात शेवाळाचे काय होते?

क्योटोतील बागांचा जीव म्हणजे शेवाळ. पाण्यावर साचणारे बुळबुळीत शेवाळ ते हे नव्हे. पावसाळ्यात आपल्याकडे विहिरीच्या काठावर, जुन्या कौलांवर, किल्ल्यांच्या तटबंदीवर जी मखमली हिरवी साय धरते, त्या जातीच्या या वनस्पती. यांना खरी मुळे नसतात. मुळांसारखे दिसणारे तंतू फक्त जमिनीला किंवा दगडाला धरून ठेवण्याचे काम करतात. पाणी प्रामुख्याने पानांच्या पृष्ठभागातूनच शोषले जाते. ही पाने बहुतेक ठिकाणी पेशींच्या एकाच थराइतकी पातळ असतात.

पाऊस नसेल तेव्हा शेवाळ वाळते, पण लगेच मरत नाही. ते आपले व्यवहार थांबवून पडून राहते. क्योटोच्या बागांत भरपूर दिसणारे ‘सुगीगोके’ हे शेवाळ कोरड्या हवेत पाने मिटून देठाला चिकटवते. त्यामुळे गालिचा तपकिरी, निस्तेज दिसतो. पाण्याचा स्पर्श होताच पाने काही मिनिटांत ताऱ्यासारखी उघडतात आणि तीच जमीन हिरवीगार दिसू लागते. म्हणजे कडक उन्हात दुपारी बाग पाहणारा आणि पावसात सकाळी पाहणारा, दोघेही एकाच तिकिटात दोन वेगवेगळ्या बागा पाहत असतात.

रंग गडद दिसण्यामागे साधे भौतिकशास्त्रही आहे. ओल्या दगडावर पाण्याचा पातळ थर असतो. दगडावर आदळून परतणारा काही प्रकाश या थरातच पुन्हा आत वळतो आणि अधिक प्रमाणात शोषला जातो. म्हणून ओला दगड काळसर, ठसठशीत दिसतो. शिवाय ढगाळ आकाशाचा प्रकाश सगळीकडून सारखा येतो. त्यामुळे काळ्याकुट्ट सावल्या आणि डोळे दिपवणारी उन्हाची तिरीप, दोन्ही नाहीशी होतात. मोबाइलचा कॅमेराही अशा प्रकाशात हिरव्या रंगाच्या बारीक छटा अधिक नीट टिपतो.

या बागा पाऊस गृहीत धरून रचल्या आहेत का?

जपानी मंदिराच्या मुख्य इमारतीला बागेच्या बाजूने लाकडी पडवी असते. तिला ‘एनगावा’ म्हणतात. तिच्यावर छप्पर बरेच पुढे आलेले असते. पाऊस पडत असताना माणूस कोरड्या फळ्यांवर बसतो आणि बाग त्याच्यापासून हातभर अंतरावर भिजत असते. अनेक जुन्या इमारतींना पन्हळ नसते. छपरावरचे पाणी पागोळ्यांनी थेट खाली पडते. ते पडते त्या रेषेत जमिनीत गोट्यांची अरुंद चारी केलेली असते. त्यामुळे माती उडत नाही, भिंत खराब होत नाही आणि पाणी वाहून जाते. या चारीला ‘अमाओची’ असे नाव आहे. घराच्या वळचणीखाली पागोळ्या झेलत मोठ्या झालेल्या पिढीला ही रचना ओळखीची वाटेल.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण रयोआन-जी मंदिराचे. (नावातील ‘जी’, ‘इन’, ‘दो’ ही अक्षरे मंदिर, उपमंदिर किंवा सभागृह दर्शवतात.) होसोकावा कात्सुमोतो या सरदाराने १४५० मध्ये स्थापन केलेल्या या मंदिरात सुमारे २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद अशी बाग आहे. तिच्यात झाडे नाहीत, तळे नाही. पांढऱ्या खडीवर १५ दगड, एवढेच. पडवीत नेहमीच्या जागी कुठेही बसले तरी एक तरी दगड दुसऱ्याआड लपतो. ही बाग नेमकी कोणी आखली याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. या प्रकारच्या बागांना ‘कारेसानसुई’, म्हणजे कोरडा निसर्ग, म्हणतात. खडीवर दाताळ्याने ओढलेल्या रेषा पाण्याच्या लाटा सुचवतात. पाणी न वापरता पाणी दाखवणाऱ्या या बागेवर खरेखुरे पाणी पडते, तेव्हा खडी करडी होते आणि दगडांच्या पायथ्याशी असलेले शेवाळाचे छोटे पट्टे एकदम उठून दिसतात. त्या बागेतील जिवंत हिरवाई तेवढीच.

तोफुकु-जी मंदिरातील बाग त्या मानाने अलीकडची, १९३९ मधली. बागरचनाकार शिगेमोरी मिरेई यांनी मुख्य सभागृहाच्या चारही बाजूंना चार वेगवेगळ्या बागा केल्या. उत्तरेकडील बागेत मंदिराच्या आवारातील जुन्या चौकोनी फरश्या पुन्हा वापरून शेवाळ आणि दगड यांचा बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना साधला आहे. पुढे हे चौकोन विरळ होत शेवाळात विरून जातात. कोरड्या दिवशी हा नमुना फिका वाटतो. पावसात करडा आणि हिरवा यांतील फरक इतका वाढतो की रचनाकाराचा हेतू समजावून सांगावा लागत नाही.

पुणेकरांना जपानी बाग नवी नाही. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा शहरातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर केले आहे. मात्र ती सरदारांच्या, फिरण्याच्या बागांची परंपरा. क्योटोतील झेन मंदिरांच्या अनेक बागा बसून पाहण्यासाठी आहेत. त्यांच्यात पाऊल टाकायचेच नसते. दहा मिनिटांत ‘पाहून झाले’ म्हणत निघून जाणाऱ्याला म्हणूनच त्या रिकाम्या वाटतात.

पाण्याचा आवाजही बागेचा भाग कसा होतो?

काही बागांत ‘सुइकिनकुत्सु’ नावाची एक युक्ती जमिनीखाली दडवलेली असते. तळाला भोक असलेला मातीचा रांजण उपडा करून पुरतात. हात धुण्याच्या दगडी कुंडीतून सांडलेले पाणी गोट्यांमधून झिरपत त्या भोकापर्यंत येते आणि थेंबाथेंबाने आत पडते. रांजणाच्या तळाशी थोडे पाणी साचलेले असते. थेंब त्यावर आपटला की आवाज रांजणाच्या पोकळीत घुमतो आणि बारीक घंटेसारखा बाहेर येतो. पाण्याची धार लागली तर सुटे थेंब पडत नाहीत आणि नाद बिघडतो. म्हणूनच पाणी थोडे आणि सावकाश ओतायचे असते. एदो काळापासून ही युक्ती वापरात आहे. एन्को-जी आणि होसेन-इन या मंदिरांत ती आजही ऐकता येते.

शिसेन-दो येथील आवाज वेगळा आहे. इशिकावा जोझान या योद्ध्याने तलवार ठेवून १६४१ मध्ये हे निवासस्थान बांधले. इथे बांबूची एक नळी वाहत्या पाण्याने भरते, वजनाने कलते, रिकामी होते आणि मागे येताना दगडावर ‘टक्’ असा आवाज करते. रानडुकरे आणि हरणे पळवण्यासाठी शेतकरी वापरत ती ही रचना. बागेत ती आणणाऱ्यांत जोझान पहिला होता, असे सांगितले जाते. दोन ठोक्यांमधली शांतता ऐकू येण्यासाठी मात्र आजूबाजूला माणसे कमी लागतात.

एका दिवसात किती ठिकाणे पाहावीत?

टूर कंपन्यांच्या वेळापत्रकात क्योटोच्या एका दिवसात पाच-सहा ठिकाणे असतात. संथ प्रवासात दोन किंवा तीन पुरेत. शहराच्या ईशान्येकडील इचिजोजी परिसर यासाठी सोयीचा आहे. देमाचियानागी स्थानकातून एइझान रेल्वेच्या छोट्या गाडीने तिसरे स्थानक इचिजोजी. तिथून चढावर चालत शिसेन-दो, मग जवळच एन्को-जी. पुढे वीसेक मिनिटे चालल्यावर मानशू-इन आणि परतीसाठी शुगाकुइन स्थानक. तीनही ठिकाणे चालण्याच्या अंतरात असल्याने बसच्या रांगेत उभे राहावे लागत नाही.

आणखी शांत हवे असल्यास ओहारा हे डोंगरातील गाव आहे. क्योटो स्थानकापासून बसने तासाभराचा रस्ता. तिथल्या सान्झेन-इनमध्ये उंच झाडांखाली शेवाळाचे मोठे आवार असून त्यात अर्धे बुडालेले छोटे दगडी जिझो बोधिसत्त्व दिसतात. शेजारच्या होसेन-इनमध्ये खोलीचे खांब आणि चौकटी यांतून बाग एखाद्या चित्रासारखी पाहायची असते. तिथे प्रवेशशुल्कातच माच्चा चहा मिळतो.

वेळेचे गणित आधी समजून घ्यावे. जूनमध्ये क्योटोत संध्याकाळी सातपर्यंत उजेड असतो, पण बहुतेक मंदिरे साडेचार ते पाचदरम्यान बंद होतात आणि शेवटचा प्रवेश त्याआधीच थांबतो. सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान दार उघडताच पोहोचणे सर्वांत चांगले. याच मोसमात ‘अजिसाई’, म्हणजे हायड्रेंजियाची फुले बहरतात. त्यासाठी प्रसिद्ध असलेल्या उजी येथील मिमुरोतो-जीसारख्या मंदिरांत पावसातही गर्दी असते. शांतता हवी असणाऱ्यांनी ती ठिकाणे आठवड्याच्या मधल्या वारी पाहावीत.

एकट्यानेच का जावे?

या बागा बोलण्याच्या जागा नाहीत. पडवीत शेजारी बसलेली माणसे कुजबुजतही नाहीत. गटासोबत असताना कोणीतरी निघण्याची घाई करतो, कोणाला भूक लागते, कोणाला फोटो हवा असतो. एकट्या माणसाला पाऊस थांबेपर्यंत अर्धा तास बसून राहता येते. जपानमध्ये एकट्याने जेवणाऱ्या, फिरणाऱ्या ग्राहकासाठी ‘ओहितोरीसामा’ असा आदरार्थी शब्दच आहे. छोट्या उपाहारगृहांत एकट्यासाठी काउंटरवर जागा असते. त्यामुळे ‘किती जण?’ या प्रश्नाला ‘एक’ असे उत्तर देताना अवघडल्यासारखे होत नाही.

शाकाहारींना जेवणाचा प्रश्न पडतो, कारण साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही माशांपासून केलेला ‘दाशी’ अर्क असतो. बौद्ध मठांतील ‘शोजिन र्‍योरी’ हे जेवण पूर्ण शाकाहारी असून परंपरेने त्यात कांदा-लसूणही टाळतात. तेनर्‍यू-जी मंदिराच्या आवारातील शिगेत्सु येथे ते मिळते. आधी नोंदणी करावी आणि एका व्यक्तीसाठी घेतात का, हेही विचारून घ्यावे.

तयारी साधी आहे. मंदिरात बूट काढावे लागतात आणि ओल्या मोज्यांनी तातामी चटयांवर पाय ठेवणे असभ्य मानले जाते. म्हणून पिशवीत कोरड्या मोज्यांचा जादा जोड आणि पायात चटकन काढता येतील असे, न घसरणारे बूट हवेत. ओली छत्री दारातल्या स्टँडमध्येच ठेवायची. मोठी बॅग स्थानकावरच्या लॉकरमध्ये ठेवावी. ट्रायपॉडला बहुतेक मंदिरांत मनाई आहे. बहुतेक ठिकाणी प्रवेशशुल्क ५०० ते १००० येनच्या दरम्यान असते आणि लहान मंदिरांत रोख पैसे लागू शकतात. भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासून ई-व्हिसाची सोय आहे.

गर्दीचा आणि या बागांचा संबंध काय?

जपानमध्ये २०२४ साली सुमारे ३ कोटी ६८ लाख परदेशी पर्यटक आले. २०२५ मध्ये हा आकडा प्रथमच चार कोटींच्या पुढे गेला. क्योटोच्या वाट्याला त्यांतील मोठा हिस्सा येतो. शहर बसमध्ये स्थानिकांना जागा मिळेनाशी झाल्याने फक्त बससाठीचा एकदिवसीय पास मार्च २०२४ अखेर बंद झाला. भुयारी रेल्वे आणि बसचा एकत्रित पास तेवढा राहिला. त्याच वर्षी गिओन भागातील खासगी गल्ल्यांत पर्यटकांना बंदी करून १० हजार येन दंडाचे फलक लागले. मार्च २०२६ पासून निवासकराची कमाल मर्यादा एका व्यक्तीला एका रात्रीसाठी १ हजार येनवरून १० हजार येनवर गेली. स्वस्त खोल्यांवरचा कर मात्र २०० येनच राहिला आहे.

गर्दी शेवाळाला काय करते, याचा धडा क्योटोने फार आधी घेतला. साइहो-जी हे मंदिर ‘कोके-देरा’, म्हणजे शेवाळाचे मंदिर, म्हणून ओळखले जाते. झेन भिक्षू मुसो सोसेकी यांनी १३३९ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. त्यांनी शेवाळाची बाग आखली नव्हती. पुढील शतकांत पडझड आणि दुर्लक्ष झाले आणि ओलसर जमिनीवर शेवाळ आपोआप पसरले. आज तिथे सुमारे १२० प्रकारची शेवाळे आहेत. लोकांची रीघ लागल्यावर मंदिराने १९७७ मध्ये खुला प्रवेश थांबवून पूर्वनोंदणी सक्तीची केली. आता शुल्क ४ हजार येनपासून सुरू होते आणि बागेत जाण्याआधी बौद्ध सूत्राची अक्षरे गिरवावी लागतात. उत्पन्नासाठी गर्दी वाढवण्याऐवजी माणसे कमी, शुल्क जास्त आणि थांबण्याचा वेळ अधिक, असा मार्ग या मंदिराने निवडला.

यात एक तिढा आहे. बाग राखायला माळी लागतात. पडलेली पाने शेवाळावरून हलक्या झाडूने किंवा हाताने वेचावी लागतात. हा खर्च मोठ्या प्रमाणात प्रवेशशुल्कातून निघतो. पर्यटक आले नाहीत तर बाग टिकत नाही आणि फार आले तरीही टिकत नाही. शेवाळावर चुकून पडलेले एक पाऊल भरून यायला दीर्घ काळ लागतो, कारण ते अतिशय सावकाश वाढते. शिवाय शहरे तापत चालली आहेत. रात्री हवा कोरडी राहिली की दव कमी पडते, आणि पाऊस नसलेल्या दिवसांत शेवाळाला त्या दवाचाच आधार असतो. शुल्क कितीही वाढवले तरी ही अडचण एकट्या मंदिराला सोडवता येणारी नाही.

पावसाची दुसरी बाजू कोणती?

त्सुयू नेहमीच सौम्य नसतो. जुलै २०१८ मध्ये पश्चिम जपानमधील अतिवृष्टीत पूर आणि दरडी कोसळून २०० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. क्योटो तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे आणि ओहारासारखी गावे डोंगरउतारावर आहेत. जपानमध्ये आपत्तीचे इशारे १ ते ५ अशा स्तरांत दिले जातात. चौथ्या स्तराला धोक्याच्या जागेतून सर्वांनी बाहेर पडायचे असते, पाचव्याची वाट पाहायची नसते. ‘सेफ्टी टिप्स’ या ॲपवर हे इशारे इंग्रजीत मिळतात. जोराच्या पावसाचा इशारा असेल त्या दिवशी डोंगरातले मंदिर सोडून शहरातली जागा निवडावी किंवा खोलीत थांबावे. ओल्या दगडी पायऱ्या आणि शेवाळ धरलेल्या पायवाटा घसरड्या असतात. एकट्या प्रवाशाला पाय मुरगळला तरी आधाराला कोणी नसते, हे लक्षात ठेवून चालावे.

मग पर्यटकाने काय करावे?

चेरीच्या आठवड्यात लाखो लोक ज्या बागांवर तुटून पडतात, त्याच बागा जूनच्या पावसाळी मंगळवारी अर्ध्या रिकाम्या असू शकतात. पर्यटक वर्षभर विखुरले तर मंदिराला उत्पन्न मिळते आणि शेवाळावरचा ताणही हलका होतो. त्यामुळे यादीतील दोन ठिकाणे कमी करणे, पायवाटेचे दगड सोडून बाहेर पाऊल न टाकणे आणि दिलेल्या तिकिटाचा पुरेपूर वेळ पडवीत बसून वसूल करणे, एवढे तरी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. चार कोटींच्या हिशेबात एका माणसाची शिस्त नगण्य वाटेल. पण साइहो-जीचा निर्णयही एका मंदिरानेच घेतला होता आणि जवळपास पन्नास वर्षांनंतर तिथले शेवाळ शाबूत आहे.